झाडावरची पांढरी आमरी आणि ग्रामसभेचा निर्णय

(वनहक्क अभ्यास शिबिरात युवक गटाने केलेल्या मांडणीचा हा मजकूर आहे. शिबिराला येऊ न शकलेल्या पाड्यांनी मागितला म्हणून बुलेटिनमध्ये देत आहोत. सभेत जसं बोललो तसंच शक्यतो ठेवलं आहे.)

आजच्या शिबिरात दाव्यांच्या फायली आहेत, नकाशे आहेत, परत आलेल्या दाव्यांची चर्चा आहे. त्यात मध्येच 'आमरी' असा विषय फळ्यावर लिहिलेला बघून सकाळीच दोघातिघांनी विचारलं, "पोरांनो, जमिनीचं बोलायचं सोडून फुलाचं काय लावलंय?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आधी देतो.

आपल्यातल्या काही पाड्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. काहींचा दावा अजून वर अडकलाय. मिळाला काय, मिळायचा काय, जंगलाचं काय करायचं हे आता ग्रामसभेला ठरवायचं आहे. इतकी वर्षं आपण मागत होतो. आता ठरवायची वेळ आली, आणि आमच्याकडे ती पहिली वेळ ह्या वीतभर झाडापायी आली.

झालं असं. मागच्या महिन्यात दोन माणसं मोटारसायकलवर रिकाम्या गोण्या घेऊन पाड्यावर आली. म्हणाली, झाडावर ते कांद्यासारखं उगवतं ना, ते काढून द्या, औषधाला आणि शहरात शोभेला लागतं, रोख पैसे देतो. एका गोणीला दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे सांगितले. माघ महिना. भाताचं काम संपलेलं, हातात पैसा नाय. चार घरं तयार झाली. रात्री पाड्यात दोन तट पडले. एक तट म्हणाला, "ते बांडगूळच हाय. झाडाचं रक्त पितं. काढलं तर झाडाचं भलं, आपल्यालाबी पैसे." दुसरा म्हणाला, "हात लावू नका, गार्ड केस टाकील." भांडण व्हायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, पुढच्या ग्रामसभेत ठरवा, तोवर कुणी तोडू नका. त्या माणसांना पंधरा दिवसांनी या म्हणून परत लावलं.

आम्ही पोरांनी बघितलं की दोन्ही तटांचं बोलणं अर्ध्या माहितीवर चाललंय. ते खरंच बांडगूळ आहे का? तोडलं तर केस होते का? विकायचा हक्क कुणाचा? ते पुन्हा उगवतं का? ह्या प्रश्नांची उत्तरं नीट घेतल्याशिवाय ग्रामसभेत हात वर करायचे कसे? म्हणून झाडं फिरून बघितली, म्हाताऱ्यांना विचारलं, बारावीची पुस्तकं परत उघडली, कायदा वाचला. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

ही कोण?

ही ऐनाची फांदी आम्ही इथे आणली आहे. तोडलेली नाही, वाऱ्याने मोडून पडलेली आहे. हातात घेऊन बघा आणि पुढे द्या. फांदीच्या बेचक्यात हा जो झुबका आहे, बोटभर जाडीच्या हिरव्या-तपकिरी कांड्या, एकही पान नाही आणि शेंड्याला पांढरी फुलं, हीच ती. पुस्तकात हिला 'डेंड्रोबियम बार्बाट्युलम' म्हणतात. डेंड्रोबियम म्हणजे झाडावर जगणारी. बार्बाट्युलम म्हणजे बारीक दाढीची. फुलाच्या मधल्या पाकळीवर जवळून बघा, बारीक लव दिसेल. जॉन लिंडली नावाच्या इंग्रज माणसाने १८३० साली हे नाव छापलं. त्याच्याआधी आपले आजे-पणजे ह्याच झाडांखालून जातच होते, पण त्यांची नोंद कुणी छापली नाही. असू दे. मराठीत ह्या सगळ्या जातकुळीला आमरी म्हणतात, म्हणून आम्ही हिला पांढरी आमरी म्हणतो. तुमच्या पाड्यावर दुसरं नाव असेल तर सांगा, ते वहीत लिहून घेऊ.

जगात आमरीच्या पंचवीस हजारांवर जाती आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त झाडांवर राहतात. आपल्याकडेही पुष्कळ आहेत. पावसाच्या तोंडावर गुलाबी-पांढरा लांब तुरा लोंबतो ती सीतेची वेणी सगळ्यांना माहीत आहे, तीही हिचीच सोयरी. पण ही पांढरी आमरी सह्याद्रीची आणि त्याच्या लगतच्या मुलखाची आहे. त्याबाहेर जगात रानात कुठे उगवत नाही. म्हणजे इथून गेली तर दुसरीकडून आणता येणार नाही.

बांडगूळ आहे का?

नाही. आणि हे डोळ्यांनी बघून ठरवता येतं, कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही.

आंब्यावर, मोहावर खरं बांडगूळ येतं ते सगळ्यांनी बघितलंय. त्याला लाकडाच्या फांद्या असतात, चिवट पानं असतात, लालसर नळीसारखी फुलं येतात. ते जिथे चिकटतं तिथे झाडाच्या फांदीला गाठ येते. ती गाठ कोयत्याने उभी कापली तर बांडगुळाचं मूळ लाकडात घुसलेलं दिसतं. झाडाने जमिनीतून ओढलेलं पाणी ते मध्येच पितं. त्याच्या पुढची फांदी हळूहळू वाळते. पुस्तकात ह्याला परजीवी म्हणतात.

आता ह्या आमरीचं मूळ बघा. नखाने हलकेच उचला. सालीवरून पसरलंय, सालीला घट्ट चिकटलंय, पण आत गेलेलं नाही. खालची साल जशीच्या तशी. गाठ नाही, छिद्र नाही. ती झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. अन्न पानांनी आणि हिरव्या कांड्यांनी उन्हात स्वतः तयार करते. पुस्तकात ह्याला अपिवनस्पती असा शब्द आहे. अपिवनस्पती म्हणजे दुसऱ्या झाडावर राहणारी, पण त्याचं खाणारी नव्हे.

मग पाणी कुठून घेते? हा तांब्या घ्या आणि ह्या पांढऱ्या मुळांवर पाणी घाला. बघितलं? पांढरं मूळ बघता बघता हिरवट झालं. मुळाभोवती मेलेल्या पेशींचा पांढरा, पोकळ थर असतो, स्पंजासारखा. पावसाचा थेंब, धुकं, दव, खोडावरून ओघळलेलं पाणी तो थर झटकन शोषून घेतो. थर भिजला की आतला हिरवा रंग बाहेर दिसतो. खत म्हणाल तर त्या पाण्याबरोबर आलेली धूळ, बेचक्यात कुजलेला पाला, पाखरांची शीट. एवढ्यावर तिचा संसार.

सभेत एका आजीने सांगितलं की बांडगुळालाही सरसकट शिव्या देऊ नका, त्याची फळं पाखरं खातात. बरोबर आहे. आम्ही बांडगुळावर मोहीम काढा असं म्हणत नाही. पण एकाला दुसरं समजून तोडू नका, एवढंच.

वर्षभर ती काय करते?

हे समजलं की पुढचा सगळा निर्णय सोपा होतो, म्हणून थोडा वेळ घेतो.

मृगाचा पाऊस लागला की जुन्या कांडीच्या बुडातून नवा कोंब येतो. पावसाळाभर तो वाढतो, त्याला पानं येतात. पाऊस संपेपर्यंत कांडी जाड होते. त्या कांडीत ती पाणी आणि अन्न साठवते. आपण कणगी भरतो तसं. मग थंडीत पानं गाळून टाकते. पान म्हणजे पाण्याचा खर्च. खर्च बंद केला की साठा पुरतो. असं नागडं होऊन ती थंडी सरता सरता फुलते, जेव्हा अर्धं जंगल वाळलेलं असतं. पाण्याची काटकसर अशा झाडावरच्या पुष्कळ वनस्पती करतात. त्यातल्या कितीतरी दिवसा पानाची बारीक छिद्रं मिटून ठेवतात आणि रात्री गारव्याला उघडतात. आपणही वैशाखात दुपारी सावलीला बसतो आणि काम सकाळ-संध्याकाळ करतो.

जुनी कांडी सुरकुतते, पण लगेच मरत नाही. काही वर्षं ती नव्या कांडीला साठा पुरवते. साधारण एका वर्षाला एक नवी कांडी अशी चाल असते. म्हणून झुबक्यातल्या कांड्या मोजल्या तर तो किती जुना ह्याचा अंदाज येतो. ह्या फांदीवरच्या कांड्या पोरांनी मोजल्या आहेत. तुम्हीही मोजा. जी गोण दोन दिवसांच्या मजुरीला मागितली तिच्यात असे किती वर्षांचे झुबके जातील, ते मनात धरा.

आता बी. फूल फळलं तर बोंड येतं. एका बोंडात हजारो बिया असतात, काही जातींत लाखो. पिठासारख्या बारीक. बोंड फुटलं की वाऱ्यावर उडतात. मग वाटेल की एवढ्या बिया आहेत तर काय कमी? पण नागलीचा दाणा घ्या. एवढासा असला तरी त्याच्या पोटात कोंबासाठी शिदोरी असते. आमरीच्या बीत शिदोरीच नसते. ती सालीवर पडली, तिथे ओल असली आणि नेमकी हवी ती बुरशी तिथे असली, तरच रुजते. ती बुरशी बीला अन्न पुरवते. बुरशी नसेल तर बी तिथेच संपते. हजारोंत एखादी रुजते. रुजल्यावर फुलायला आणखी काही वर्षं लागतात.

म्हणजे पेरून येत नाही, लावून लवकर वाढत नाही, आणि ओरबाडली की मुळं तुटतात. ओरबाडलेल्यातल्या पुष्कळ शहरात पोचून वाळतात.

कुठल्या झाडावर बसते?

आम्ही बांधावरची आणि जंगलातली झाडं फिरून बघितली. खरबरीत सालीचं, वय झालेलं, आडव्या फांद्यांचं झाड तिला लागतं. आंबा, ऐन, जांभूळ, मोह. साल खरबरीत असली की बी अडकते, ओल टिकते, शेवाळ धरतं. पेरूचं झाड बघा, त्याची साल दर वर्षी सोलून पडते. निलगिरीचंही तसंच. ज्या भिंतीचा गिलावा दर वर्षी पडतो तिच्यावर चूल कोण मांडेल? म्हणून नुसत्या निलगिरीच्या लागवडीत आमरी शोधून बघा.

ह्याचा अर्थ नीट घ्या. जिथे आमरीचे मोठे झुबके आहेत तिथे जुनी झाडं उभी राहिली आहेत. ती कुणी उभी ठेवली? कुपात तोड झाली त्या पट्ट्यात आम्हाला जुनी झाडं थोडी दिसली. बांधावर, देवाच्या राईत, पाण्याच्या वाटेवर जास्त दिसली. म्हणजे आपल्या माणसांनी फळासाठी, फुलासाठी, सावलीसाठी, देवासाठी राखलेली झाडं. आमरी त्यांच्यावर आयती येऊन राहिली. तिच्यासाठी कुणी झाड राखलं नव्हतं, हेही खरं सांगायला पाहिजे.

कायदा काय सांगतो?

आता त्या रात्रीच्या भांडणाकडे वळू.

पहिला प्रश्न, हक्क कुणाचा? २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपज म्हणजे लाकूड सोडून वनस्पतीपासून मिळणारी सगळी उपज, असं लिहिलंय. त्यात बांबू आला, तेंदूपान आलं, औषधी वनस्पती आल्या, मुळं-कंद आले. परंपरेने आपण जी गोळा करत आलो तिची मालकी, ती गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क कलम ३ ने आपला मानलाय. त्याआधी १९९६ च्या पेसा कायद्यानेही अनुसूचित क्षेत्रात गौण वनउपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली. म्हणून "गार्ड केस टाकील" ह्या भीतीने गप्प बसायचं कारण नाही. भीती हे आमरी राखायचं कारण असूच नये. भीतीने राखलेलं जंगल गार्ड वळला की तुटतं.

दुसरा प्रश्न, विकायचा हक्क आहे म्हणजे विकलंच पाहिजे का? त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये लिहिलंय की वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखायचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला आहे. जंगलाच्या वापरावर ग्रामसभा नियम करू शकते, आणि जंगलाला अपाय करणारी कामं थांबवायचा निर्णय घेऊ शकते. मालक कोण? ज्याला हो म्हणता येतं आणि नाही पण म्हणता येतं तो. व्यापारी आला आणि आपण फक्त भाव विचारला, तर आपण अजून मजूरच आहोत.

तिसरी गोष्ट. २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्यात पंचायतीच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्या हद्दीतून धंद्यासाठी कुणी वनस्पती नेली तर त्याच्याकडून ती शुल्क घेऊ शकते. आणि आमरीच्या साऱ्या जाती देशोदेशीच्या व्यापाराच्या करारात नोंदलेल्या आहेत, परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे गोणी घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा, "नाव काय, माल कुठे जातो, कागद कुठे आहे?" आमच्याकडे हे विचारल्यावर त्या दोघांनी मोटारसायकल वळवली.

पण पोटाचं काय?

हा प्रश्न टाळून पुढे गेलो तर ही मांडणी खोटी होईल. ज्या चार घरांनी हो म्हटलं ती लोभी नाहीत. त्यांच्यातल्या एका ताईने सांगितलं, "फूल बघून पोरांचं पोट भरत नाय. तुमाला बोलायला काय जातं?" तिचं म्हणणं खरं आहे.

आम्ही तिच्याबरोबर बसून हिशोब केला. मोहाचं झाड राखलं तर फुलं दर वर्षी पडतात, मग टोळंबी मिळते. हिरड्याचं झाड राखलं तर हिरडा मिळतो. तेंदूपान, मध, रानभाज्या, सगळं परत येतं. आमरीचे पैसे एकदाच मिळतात. पहिल्या गोणीला जवळची झाडं, दुसऱ्या गोणीला लांबची, आणि तिसऱ्या गोणीला डोंगर. ह्या घरांना माघ-फाल्गुनात रोख हवीय, तर रोजगार हमीचं काम मागायचं. नमुना ४ भरून द्यायचा, पोच घ्यायची. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता द्यावा लागतो, असा कायदा आहे. आता त्या चार घरांचे अर्ज युवक गटाने भरून दिलेत आणि पोच आणली आहे. काम निघेपर्यंत आम्ही त्याच्या मागे राहणार आहोत. आमरी राखायची आणि उपाशी घराने ती राखायची, असा ठराव आम्हाला नको.

आणखी एक. मुंबईत दादरच्या बाजारात लग्नाच्या हारांत, गुच्छांत जांभळी-पांढरी आमरीची फुलं दिसतात. ती रानातली नाहीत. १९२२ साली लुईस नडसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की साखर घातलेल्या खळीवर आमरीची बी बुरशीशिवायही रुजते. तेव्हापासून प्रयोगशाळेत बाटल्यांतून रोपं होतात आणि हरितगृहात वाढवतात. ज्याला धंदा करायचा आहे त्याला हा रस्ता मोकळा आहे. आमच्या ऐनावर चढायची गरज नाही.

राबाचं कसं करायचं?

हा आपल्याच हातातला विषय आहे. आपण राबासाठी टहाळ तोडतो. नाचणी-भाताची रोपं राबाशिवाय धरत नाहीत असा आपल्या माणसांचा अनुभव आहे, आणि राब हा आपल्या शेतीचा भाग आहे. फॉरेस्टवाले राबावर बोट ठेवतात तेव्हा आपण भांडतो, आणि भांडणारच.

पण टहाळाबरोबर आमरीचा झुबकाही खाली येतो आणि राबात जळतो. ह्याला सोपा उपाय आहे. टहाळ तोडायचे दिवस आणि हिचे फुलायचे दिवस जवळजवळ एकच. पान नाही, शेंड्याला पांढरं फूल, म्हणजे खालूनही दिसते. झाडावर चढणाऱ्याने तेवढी फांदी सोडायची. बाकीची खुशाल तोडा. बारीक शेंडे तोडले तरी राब होतो. आमरी बहुतेक जाड फांदीवर आणि बेचक्यात असते. तिथे कोयता लागायचं कारणच नाही.

वाऱ्याने फांदी पडली तर झुबका उचलून पुन्हा बांधता येतो. पाऊस लागायच्या आधी बांधायचा. खरबरीत सालीचं झाड घ्यायचं, सावली-ऊन पहिल्यासारखं बघायचं, मुळं सालीला टेकवायची आणि काथ्याने किंवा केळीच्या सोपटाने आवळायची. तार नको, प्लास्टिकची दोरी नको. आणि मातीत पुरू नका, कुजून जाईल. पावसात नवी मुळं सुटली की ती स्वतःच धरते. तोवर दोरी कुजून पडते. ही फांदीवरची आमरी आम्ही शिबिर संपल्यावर बाहेरच्या आंब्याला बांधणार आहोत. ज्याला शिकायचंय त्याने थांबावं.

नोंद आपण करायची

आता जरा सावध करणारी गोष्ट. उद्या कुणी म्हणेल, इथे दुर्मिळ वनस्पती आहे, माणसांना आत जायला बंदी करा. असं देशात पुष्कळ ठिकाणी झालंय. २००२ च्या मे महिन्यात केंद्राचं पत्र निघालं आणि अतिक्रमण काढायच्या नावाखाली आदिवासींची घरं मोडली, पिकं नासवली. वनहक्क कायदा त्यानंतरच्या लढ्यातून आला, हे नव्या पोरांना सांगायला पाहिजे. आज वन्यजीवासाठी जागा राखीव करायची झाली तरी कलम ४ मध्ये लिहिलंय, आधी हक्क मान्य झाले पाहिजेत आणि ग्रामसभेची लेखी संमती पाहिजे.

म्हणून आपल्या जंगलात काय आहे ह्याची वही आपल्याकडे असली पाहिजे. आपण नोंद केली नाही तर दुसरा करील, आणि त्याच्या नोंदीत झाड असेल, आमरी असेल, आपण नसू.

दाव्यालाही ह्याचा उपयोग आहे. नीट समजून घ्या, आमरी दाखवून दावा मंजूर होत नाही. ती कुठल्या नियमात पुरावा म्हणून लिहिलेली नाही. पण सामूहिक दाव्याच्या नियमात कंदमुळं, चारा, रानफळं गोळा करायच्या जागा लिहिल्या आहेत. वैदूंच्या औषधी वनस्पतींच्या जागा लिहिल्या आहेत. देवाची झाडं, देवराई, पाण्याच्या जागा लिहिल्या आहेत. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. आमरीच्या मागे आम्ही झाडं फिरलो तेव्हा ह्याच सगळ्या जागा पायाखाली आल्या. म्हाताऱ्यांनी प्रत्येक झाडाचं नाव सांगितलं, कुणी राखलं ते सांगितलं. ते सगळं नकाशावर घेतलं. दाव्याला लागते ती माहिती हीच.

एक शब्द 'अतिक्रमण' ह्याबद्दल

शहरातल्या माणसांच्या तोंडून आपण ऐकलंय की आदिवासी जंगलाला बांडगूळ आहेत. सरकारी कागदात तेच 'अतिक्रमणदार' म्हणून लिहिलं गेलं. न बघता नाव ठेवायची ही रीत. आमरीलाही न बघताच बांडगूळ म्हटलं गेलं. नखाने मूळ उचलून बघितलं तर एका क्षणात कळतं. आपल्याबद्दलही बघायचं असेल तर बांधावरची झाडं मोजा, राई मोजा.

पण ही तुलना इथेच थांबवू. आमरी झाडाकडे पाहुणी आहे. आपण ह्या जमिनीवर पाहुणे नाही. तिला बसायला फांदी पुरते, आपल्याला सातबारा पाहिजे. "आम्ही आमरीसारखे, थोडक्यात भागवतो" असं कुणी स्टेजवरून म्हणालं तर टाळ्या वाजवू नका.

ग्रामसभेसमोर ठेवायचा ठराव

आमच्या पाड्याच्या ग्रामसभेत आम्ही पुढचे मुद्दे ठेवणार आहोत. तुमच्या ग्रामसभेत चर्चा करा, पटलं तेवढं घ्या, आपल्या भाषेत बदला.

१. झाडावरची आमरी, कुठल्याही जातीची, विकण्यासाठी काढायची नाही. घरगुती औषधाला लागली तर वैदूला विचारून लागेल तेवढीच.

२. बाहेरचा व्यापारी कुठलीही वनउपज मागायला आला तर त्याने आधी ग्रामसभेकडे यायचं. एकट्या घराशी सौदा नाही.

३. राबासाठी टहाळ तोडताना आमरीची फांदी सोडायची. पडलेली आमरी पावसाआधी पुन्हा बांधायची. हे काम शाळेतल्या पोरांकडे द्यायचं.

४. जुन्या झाडांची यादी करायची. झाड, जागा, कुणी राखलं, त्यावर काय काय राहतं. यादीची एक प्रत वनहक्क समितीकडे, एक पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे, एक संघटनेच्या कचेरीत.

५. यादीतलं झाड कुणालाही, खात्यालासुद्धा, ग्रामसभेला विचारल्याशिवाय तोडता येणार नाही असा ठराव लेखी करून वर पाठवायचा आणि पोच घ्यायची.

६. ज्या घरांना रोख पैशाची नड आहे त्यांचे रोजगार हमीचे अर्ज आधी भरायचे.

बायांनी ह्या ठरावावर आधी बोलावं ही आमची विनंती. जंगलात सगळ्यात जास्त त्या फिरतात, आणि कुठल्या झाडावर काय आहे हे त्यांनाच जास्त माहीत आहे. यादी करताना आम्हाला निम्मी झाडं त्यांनीच दाखवली.

त्या दोन माणसांची पंधरा दिवसांची मुदत येत्या बाजाराच्या दिवशी संपते. पुन्हा आली तर तोवर ग्रामसभा झालेली असली पाहिजे आणि उत्तर एकाच्या नाही, सगळ्या पाड्याच्या तोंडून गेलं पाहिजे. ग्रामसभा रविवारी सकाळी आंब्याखाली आहे. सह्या-अंगठ्यांची वही आम्ही आणतो, तुम्ही माणसं आणा.

जल, जंगल, जमीन आमची!

जोहार! जिंदाबाद!